समोरचा इंजिन वापरतोय असं वाटतंय? तक्रार कशी करायची, आणि आरोप आपल्यावर आला तर काय करायचं

बुद्धिबळात समोरचा इंजिनची, म्हणजे चांगली चाल शोधून देणाऱ्या संगणक-प्रोग्रामची, चोरून मदत घेतोय असा संशय कधी ना कधी येतोच. हरलेल्या डावानंतर येणारा संशय आणि खरोखर काहीतरी दिसल्यामुळे आलेला संशय, हे दोन्ही आतून सारखेच वाटतात. नवा खेळाडू इथेच फसतो. कुणी डाव चालू असतानाच समोरच्याला तोंडावर सुनावतो, तर कुणी हॉलमध्ये गप्प बसतो आणि घरी जाऊन नाव घेऊन जाहीर पोस्ट टाकतो. पहिल्याला स्वतःलाच ताकीद मिळते. दुसऱ्याच्या तक्रारीला काही अर्थ उरत नाही, कारण तपासण्यासारखं जे होतं ते तोवर निघून गेलेलं असतं. हा क्रम पाळलात तर खरा गैरप्रकार सापडण्याची शक्यता वाढेल, आणि निष्पाप माणसाच्या कपाळी कायमचा शिक्का बसणार नाही.

१. नेमका कोणता नियम मोडला, ते आधी ठरवा

‘तो चीटिंग करतोय’ ही तक्रार होत नाही. पंचाला कलम लागतं. पटावरच्या स्पर्धांना फिडेचे, म्हणजे आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाचे, नियम लागू असतात आणि त्यातली कलमं ११.२, ११.३ आणि ११.५ आपल्या कामाची आहेत.

कलम ११.३.१ प्रमाणे डाव चालू असताना टिपणं, कुणाचा सल्ला, माहितीचा कोणताही स्रोत किंवा दुसऱ्या पटावर विश्लेषण, यातलं काहीही चालत नाही.

कलम ११.३.२ इलेक्ट्रॉनिक उपकरणांचं आहे. पंचाने मान्यता न दिलेलं उपकरण स्पर्धेच्या जागेत खेळाडूच्या अंगावर आढळलं, की तो डाव हरला. त्याने ते वापरलं का, फोन चालू होता का, हे सिद्ध करावं लागत नाही. स्मार्टवॉचही यातच आलं. स्पर्धेच्या नियमांनी परवानगी दिली असेल तर पूर्ण बंद केलेला फोन बॅगेत ठेवता येतो. ती बॅग मात्र पंच सांगेल तिथेच ठेवायची आणि न विचारता उघडायची नाही. काही स्पर्धांच्या नियमांत यापेक्षा सौम्य शिक्षा लिहिलेली असते, म्हणून माहितीपत्रक आधी वाचा.

कलम ११.२ जागा सोडण्याबद्दल आहे. स्वतःची चाल असताना पंचाला न विचारता खेळण्याच्या भागातून उठून जाता येत नाही, आणि परवानगीशिवाय स्पर्धेची जागा तर कधीच सोडता येत नाही.

टेबलावर बोटं वाजवणं, पुन्हा पुन्हा बरोबरीचा प्रस्ताव ठेवणं हे कलम ११.५ खाली येतं. तो त्रास आहे, फसवणूक नाही. दोन्ही एकाच तक्रारीत घातलं की पंच फसवणुकीच्या भागाकडेही कमी गांभीर्याने बघतो.

ऑनलाइन पत्रव्यवहारी डावांत, म्हणजे एकेका चालीला दिवस दिवस मिळतात अशा डावांत, नवख्यांची हमखास चूक होते. चेस डॉट कॉम या संकेतस्थळाच्या डेली प्रकारात आणि लिचेस या संकेतस्थळाच्या पत्रव्यवहारी डावांत ओपनिंगची (डावाच्या सुरुवातीच्या चालींची) पुस्तकं आणि डेटाबेस बघायला परवानगी आहे. बंदी इंजिनला आहे. म्हणजे समोरच्याने पहिल्या १८ चाली बिनचूक पुस्तकी खेळल्या, तर त्याने काहीच गैर केलेलं नाही. पत्रव्यवहारी बुद्धिबळाची आंतरराष्ट्रीय संघटना आयसीसीएफ तर इंजिनही वापरू देते. तिथे ‘इंजिन वापरलं’ ही तक्रारच होऊ शकत नाही.

२. डाव चालू असतानाच पंचाला सांगा, पण शांतपणे

सगळ्यात चांगली वेळ म्हणजे समोरच्याची चाल चालू असताना. उठा, पंचाकडे जा आणि हळू आवाजात दोन वाक्यांत सांगा. तुमचा वेळ जात नाही आणि प्रतिस्पर्ध्यालाही सुगावा लागत नाही. तुमची चाल असेल आणि थांबणं शक्य नसेल, तर पंचाची मदत मागण्यासाठी घड्याळ थांबवता येतं. पण कारण रास्त होतं की नाही हे पंच ठरवतो आणि नसेल तर शिक्षाही करू शकतो. तेव्हा नुसत्या शंकेवर घड्याळाला हात लावू नका.

वेळांची नोंद स्कोअरशीटवरच (चाली लिहायच्या कागदावरच) ठेवा. चालींसोबत घड्याळातली वेळ लिहायला नियमाची परवानगी आहे. समोरचा उठला त्या चालीपुढे वेळ लिहिलेली असली की पुढचा तपशील पंचाला तोंडी सांगता येतो. खिशातून वेगळा कागद काढून मात्र काही लिहू नका. तो कागद म्हणजे ‘टिपणं’ ठरू शकतो आणि आरोप उलटा तुमच्यावर येईल.

या गोष्टी अजिबात करू नका:

- प्रतिस्पर्ध्याच्या मागे स्वच्छतागृहात जाणं, दाराखालून डोकावणं, फोटो काढणं. फोटोसाठी फोन बाहेर काढलात तर डाव तुमचाच जाईल, आणि स्वच्छतागृहात कुणाचा फोटो काढणं हा बुद्धिबळाच्या बाहेरचाही गुन्हा ठरू शकतो.
- त्याच्या बॅगेला किंवा जॅकेटला हात लावणं. झडतीचा अधिकार कलम ११.३.३ नुसार फक्त पंचाला किंवा त्याने नेमलेल्या व्यक्तीला आहे. ती व्यक्ती खेळाडूच्याच लिंगाची असावी लागते आणि झडती एकांतात घ्यावी लागते.
- प्रेक्षकांत उभ्या असलेल्या मित्राला खुणेने ‘त्याच्यावर लक्ष ठेव’ म्हणणं. लांबून बघणाऱ्याला ती खूण चाल सुचवल्यासारखी दिसते.

सांगून झालं की परत बसा आणि खेळा. तक्रार दिली म्हणून डाव थांबत नाही. पंचाला बघायला थोडा वेळ लागतो, आणि तेवढ्यात कितीतरी जण लक्ष उडाल्यामुळे चांगला डाव घालवतात.

३. लेखी तक्रार: दिसलं ते लिहा, वाटलं ते नको

तक्रार थेट फसवणुकीची असेल तर मुख्य पंच तुम्हाला स्पर्धेदरम्यानच्या तक्रारीचा फॉर्म भरायला सांगतो. त्यावर तुमचं नाव, कारणं आणि सही लागते. निनावी कुजबुज इथे चालत नाही. खोट्या तक्रारीचे परिणामही तो तुम्हाला आधी समजावतो. फिडेच्या फसवणूकविरोधी नियमांप्रमाणे उघडपणे निराधार तक्रारीला ताकीद मिळते आणि नावाची नोंद होते. सहा महिन्यांत दुसरी ताकीद मिळाली तर तक्रार करणाऱ्यालाच निलंबन भोगावं लागतं. हे घाबरवण्यासाठी सांगत नाही. खरं काही पाहिलं असेल तर बेलाशक लिहा. पाहिलं नसेल तर सहीची वेळ येईल तेव्हा ते स्वतःलाच कळतं.

फॉर्म कसा भरावा हे शिकायला दोन घटना शेजारी ठेवून बघण्यासारख्या आहेत.

२००६ साली एलिस्ता इथे क्रामनिक आणि टोपालोव यांचा जगज्जेतेपदाचा सामना चालू होता. क्रामनिक वारंवार स्वच्छतागृहात जातो, असा जाहीर आरोप टोपालोवच्या गोटाने केला. वाद इतका चिघळला की क्रामनिकने पाचवा डाव खेळायला नकार दिला आणि तो डाव त्याच्या हातून गेला. पुराव्यादाखल काहीच पुढे आलं नाही, आणि सामना शेवटी क्रामनिकनेच जिंकला. ‘फार वेळा जातो’ या वाक्यात पंचाने जाऊन तपासावं असं काही नव्हतं.

२०१५ साली दुबई ओपनमध्ये आर्मेनियाचा ग्रँडमास्टर टिग्रान पेट्रोस्यान जॉर्जियाच्या गायोझ निगालिद्झेशी खेळत होता. त्याच्या लक्षात आलं, की प्रतिस्पर्धी जवळजवळ प्रत्येक चालीनंतर उठतो आणि बाकीची स्वच्छतागृहं रिकामी असतानाही दर वेळी एकाच स्वच्छतागृहात जातो. त्याने नेमकं हेच पंचांना सांगितलं. पंचांनी ती जागा तपासली, तेव्हा टॉयलेट पेपरने झाकलेला फोन मिळाला. निगालिद्झेवर तीन वर्षांची बंदी आली आणि त्याचा ग्रँडमास्टर किताब काढून घेतला गेला.

दोन्हीकडे विषय स्वच्छतागृहाचाच. दुबईच्या तक्रारीत मात्र एक जागा होती, आणि तिथे जाऊन बघता येत होतं. तुमच्या फॉर्मवरच्या प्रत्येक वाक्याला हीच कसोटी लावा: हे वाचून पंच उठून कुठे जाईल, काय बघेल?

‘तो संशयास्पद वागत होता आणि फार भारी खेळला’ असं लिहून उपयोग नाही. त्याऐवजी असं लिहा: ‘२१व्या चालीनंतर तीनदा उठला, दर वेळी साधारण चार मिनिटं. तिन्ही वेळा हॉलच्या मागच्या दाराने गेला. परत आल्यावर दहा सेकंदांच्या आत चाल केली. बाहेर निळ्या शर्टातल्या व्यक्तीशी दोनदा बोलताना दिसला.’ या प्रत्येक वाक्यातलं काही ना काही कॅमेऱ्यात, दारावरच्या स्वयंसेवकाकडे किंवा इलेक्ट्रॉनिक पटाच्या नोंदीत पडताळून बघता येतं.

जोडायला काय लागेल: स्कोअरशीटची प्रत, फेरी आणि पटाचा क्रमांक, वेळांची यादी, आणि कुणी साक्षीदार असेल तर त्याचं नाव, त्याला विचारून.

फॉर्म दिल्यावर तोंड बंद ठेवायचं. चौकशी संपेपर्यंत तक्रार गोपनीय असते. तो नियम तक्रारदारालाही लागू आहे आणि मोडला तर प्रकरण शिस्तभंगाकडे जाऊ शकतं. शिवाय बातमी फुटली की खरा दोषी उपकरण गायब करतो.

४. इंजिनने डाव तपासताना स्वतःची फसगत टाळा

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, म्हणून थोडं सविस्तर.

डाव स्टॉकफिश या इंजिनमध्ये टाकला, अचूकता ९६ टक्के आली आणि निकाल ठरला, असं होत नाही. २० चालींत संपलेल्या डावात, समोरच्याने (म्हणजे तुम्ही) लवकर घोडा फुकट दिला असेल, तर ९६ टक्के कुणालाही सहज येतात. जिंकलेल्या स्थितीत बहुतेक साध्या चाली चांगल्याच असतात. अचूकतेचा आकडा खेळाडूच्या ताकदीइतकाच डावाच्या स्वरूपावरही अवलंबून असतो.

तपासायचंच असेल तर आधी गाळणी लावा.

ओपनिंगच्या पाठ चाली काढून टाका. या क्षेत्रात ज्यांचं काम सर्वांत जास्त वापरलं जातं ते बफेलो विद्यापीठातले प्राध्यापक आणि इंटरनॅशनल मास्टर केनेथ रीगन पहिल्या आठ चाली मोजतच नाहीत. एक बाजू तीन प्याद्यांहून जास्त पुढे आहे अशा स्थिती आणि पुनरावृत्तीच्या चालीही ते वगळतात. सक्तीच्या चाली तुम्ही स्वतः काढा. वजीर मारला आणि उलट वजीर घेतला, यात इंजिनशी जुळण्यासारखं काय आहे? उरलेल्यांपैकी ज्या स्थितीत चार-पाच चाली जवळपास सारख्याच चांगल्या आहेत, तिथे इंजिनची पहिली पसंती जुळली काय किंवा न जुळली काय, त्यातून फार काही कळत नाही.

एवढं गाळल्यावर ४० चालींच्या डावातून हातात १०-१५ स्थिती राहिल्या तर पुष्कळ. एका डावावरून निष्कर्ष काढू नये, तो या कारणाने. नऊ फेऱ्यांचे सगळे डाव घेतले की कुठे बोलण्याजोगा साठा जमतो.

मग प्रश्न येतो ‘किती असामान्य म्हणजे जास्त?’ रीगन यांची पद्धत त्या रेटिंगच्या (ताकदीच्या आकड्याच्या) खेळाडूकडून जे अपेक्षित आहे त्यापेक्षा कामगिरी किती प्रमाण विचलन (नेहमीच्या चढउताराचं माप) वर गेली ते मोजते. दोन प्रमाण विचलनं वर जाणं नुसत्या योगायोगाने ४४ मध्ये एकदा घडतं, तीन वर जाणं साधारण ७४० मध्ये एकदा. दुसरा आकडा ऐकून माणूस दोषीच वाटतो ना? पण ३०० खेळाडूंच्या तीन खुल्या स्पर्धा धरा. झाल्या ९०० कामगिऱ्या. त्यात एखादा प्रामाणिक खेळाडू आयुष्यातली सर्वोत्तम स्पर्धा खेळून तीन प्रमाण विचलनांच्या वर जाणं सहज शक्य आहे. आधी चमकलेला माणूस शोधायचा आणि मग त्याचा खेळ किती दुर्मिळ आहे ते मोजायचं, हा उलटा क्रम आहे. २०२३ मध्ये अमेरिकन ग्रँडमास्टर नाकामुराच्या ऑनलाइन ब्लिट्झमधल्या (अतिजलद डावांतल्या) ४६ पैकी ४५.५ गुणांच्या मालिकेवर क्रामनिकने बोट ठेवलं, तेव्हा हाच प्रश्न निघाला. हजारो डाव खेळणाऱ्या आणि अनेकदा आपल्यापेक्षा खूप कमी रेटिंगच्या खेळाडूंशी खेळणाऱ्याच्या इतिहासात अशी लांब मालिका कुठेतरी सापडणं अपेक्षितच असतं. ती वेगळी काढून दाखवली की भयंकर दिसते.

म्हणूनच आकडेवारी एकटी असेल तर ती फार भक्कम असावी लागते. दुसरा पुरावा सोबत असेल तर तिचं वजन वाढतं. २०१९ मध्ये स्ट्रासबुर्गला ग्रँडमास्टर इगोर्स राउसिस स्वच्छतागृहात फोनसह पकडला गेला. फिडेच्या आयोगाची नजर त्याच्या खेळावर आधीपासून होती, पण प्रकरण निकाली लागलं ते फोनमुळे.

नवख्याला आकड्यांपेक्षा चालींच्या वेळा जास्त सांगतात. माणूस उघड उलट-मारीला एक सेकंद घेतो आणि अवघड निर्णयाला मिनिटभर. प्रत्येक चालीला सहा ते आठ सेकंद, मग ती सक्तीची असो की सात चाली खोल असलेला मोहऱ्याचा बळी, असं डावामागून डाव दिसलं तर ते नोंदवण्यासारखं आहे. मात्र कमकुवत इंटरनेट आणि काहींची मुळातच संथ खेळण्याची सवय यामुळेही असं चित्र दिसू शकतं.

५. ऑनलाइन डावाची तक्रार

पद्धत सोपी आहे. डावाच्या किंवा प्रोफाइलच्या पानावरून रिपोर्ट करा, प्रकार निवडा, डावांच्या लिंक द्या. लिचेस स्पष्टच सांगतं, की नुसतं ‘हा फसवतो’ लिहू नका, या निष्कर्षापर्यंत कसे आलात ते लिहा. इंग्रजीत लिहिलं तर काम लवकर होतं. तीन-चार डावांच्या लिंक आणि प्रत्येकाला एक ओळ पुरते, उदाहरणार्थ ‘२४ ते ३१ या चालींच्या वेळा बघा’.

नंतर काय झालं ते बहुधा तुम्हाला कळवलं जात नाही. प्रतिस्पर्ध्याचं खातं बंद झालं तर गमावलेले रेटिंग गुण परत मिळतात, तीच पावती. खातं चालू राहिलं तर तेही उत्तरच समजा. माउस, टॅब बदलणं, जुने डाव अशी जी माहिती त्यांच्याकडे असते ती तुमच्याकडे नसते. एकाच माणसाला दहादा रिपोर्ट करून काही हलत नाही.

डावाच्या चॅटमध्ये आरोप करू नका. दोन्ही संकेतस्थळांवर जाहीर आरोपांना मनाई आहे आणि त्यासाठी तुमच्यावर कारवाई होऊ शकते.

६. स्पर्धा संपल्यावर लक्षात आलं तर

फिडेच्या फेअर प्ले कमिशनकडे स्पर्धेनंतरची तक्रार करता येते. ती कुणीही वाटसरू करू शकत नाही. खेळाडू, संघटना, पदाधिकारी अशा संबंधितांनाच तो अधिकार आहे, आणि पुरावा भरीव व तपशीलवार असावा लागतो. सगळ्या डावांची पीजीएन फाइल (चालींची संगणकीय नोंद), तुमची गाळणी कशी लावली त्याचं टिपण, मुख्य पंचाशी झालेला पत्रव्यवहार आणि घटनाक्रम तारखांसह जोडा. आपल्या राष्ट्रीय संघटनेमार्फत पाठवणं सोयीचं, कारण पुढचा पत्रव्यवहार त्यांना जमतो.

अर्धवट बोलणंही महागात पडतं. २०२२ च्या सिंकफील्ड चषकात तिसऱ्या फेरीत अमेरिकन ग्रँडमास्टर हान्स नीमानकडून हरल्यावर तेव्हाचा जगज्जेता मॅग्नस कार्लसन याने स्पर्धा सोडली आणि सूचक पोस्ट टाकली. पुढे चेस डॉट कॉमचा ७२ पानी अहवाल आला. नीमानने शंभराहून जास्त ऑनलाइन डावांत गैरप्रकार केला असण्याची शक्यता त्यात मांडली होती, पण पटावरच्या खेळाबद्दल ठोस पुरावा नव्हता. नीमानने १० कोटी डॉलरचा दावा लावला, तो २०२३ मध्ये तडजोडीने मिटला. फिडेने कार्लसनला बेजबाबदार आरोपाच्या मुद्द्यावर दोषी धरलं नाही, मात्र वैध कारणाशिवाय स्पर्धा सोडल्याबद्दल १०,००० युरो दंड केला. जगज्जेत्याला जे निभावता आलं ते तुम्हाला-मला निभावेलच असं नाही.

७. आरोप तुमच्यावर आला तर

झडतीला नकार देऊ नका. नकारावर पंच शिक्षा करू शकतो, आणि बघणाऱ्यांच्या मनात तो कबुलीसारखा बसतो. एकांत आणि आपल्या लिंगाची व्यक्ती हे दोन हक्क मात्र ठामपणे मागा. खेळाडू लहान असेल तर पालकाला किंवा प्रशिक्षकाला बोलावून घ्या. मुलाला एकट्याला प्रश्नांना सामोरं जाऊ देऊ नका. श्रवणयंत्र, इन्सुलिन पंप असं काही वापरत असाल तर पहिल्या फेरीआधीच डॉक्टरांचं पत्र मुख्य पंचाला द्या. धातुशोधक वाजल्यावर दाखवलेलं पत्र संशय वाढवतं.

काही सापडलं नाही तर पंचाला तशी नोंद करायला सांगा.

पुढे लेखी खुलासा मागितला गेला तर हे गोळा करा:

- मूळ स्कोअरशीट. प्रती नाहीत, मूळ.
- तयारीच्या फाइली, बदलाच्या तारखांसकट. ‘ही १९वी चाल मी आधीच बघितली होती’ हे म्हणणं अशा फाइलशिवाय टिकत नाही.
- गेल्या वर्षभरातल्या स्पर्धांचे डाव, हरलेलेही. सुधारणा हळूहळू झाली हे त्यातूनच दिसतं.
- ऑनलाइन डाव असेल तर त्या वेळी कोणती उपकरणं आणि ब्राउझरची कोणती एक्स्टेन्शन चालू होती त्याची यादी, आणि स्क्रीन किंवा कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग असेल तर न कापता.

प्रत्येक वादग्रस्त चालीबद्दल तेव्हा काय विचार केला होता, ते त्याच दिवशी लिहून ठेवा. कोणती चाल नाकारली, कशाची भीती होती, कुठे चुकीचं मोजलं, तेही लिहा. इंजिन उघडायच्या आधी लिहायचं, कारण एकदा मूल्यमापन बघितलं की खरी आठवण त्यात मिसळून जाते, आणि खुलासा तपासायला समोर बसलेल्या ग्रँडमास्टरला ती भेसळ पहिल्या दोन प्रश्नांत कळते.

संकेतस्थळाने खातं बंद केलं तर त्यांच्या अपील पानावरून एकदाच, मुद्देसूद लिहा. नवं खातं काढून खेळायला जाऊ नका. तो वेगळा नियमभंग होतो आणि मूळ अपील त्यातच बुडतं. एखाद्या डावात खरंच मदत घेतली असेल तर तेवढं मान्य करून लिहा. अपील वाचणाऱ्याकडे तुमचे सगळे डाव आणि वेळा समोर असतात, आणि एक खोटं वाक्य सापडलं की बाकीच्या खऱ्या वाक्यांवरही तो विश्वास ठेवत नाही.